मानदुखी आणि सुईचा उपचार : एका घरातल्या दोन माना

— एक सभासद, मुर्री (जि. गोंदिया)



आपल्या अंकात बेण्याचे, खोडव्याचे, पाचटाचे लेख नेहमी येतात. ते यायलाच पाहिजेत. पण उसाची मोळी ज्या मानेवरून गाडीत चढते, त्या मानेबद्दल आपण दोन ओळी लिहीत नाही. मान दुखली की बाम चोळायचा, फडके गुंडाळायचे आणि कामाला लागायचे, ही आपली रीत. म्हणून आज मानेबद्दल लिहितो. यात आमच्या घरचीच हकीकत आहे. ती वाचून एखाद्याचा जरी हात-पाय वाचला तरी लिहिल्याचे सार्थक झाले असे समजेन.

मुर्री हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव. मुलूख धानाचा. बांधीत धान आणि बोअरच्या पाण्यावर थोडा ऊस, अशी आमची शेती. त्यामुळे मानेला सुट्टी अशी नाहीच. पावसाळ्यात रोवणा, म्हणजे दिवसभर वाकून काम. दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी, भारे, चुरणे. ते आटोपते न आटोपते तोच उसाची तोड. घरच्या बायका फुरसतीत बिड्या वळतात. सूप मांडीवर, नजर सुपात, आणि मान तासन् तास खाली. पुरुषमंडळींच्या डोक्यावर धानाचा चाळीस किलोचा कट्टा नाही तर युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी. आताच्या पोरांच्या डोक्यावर ओझे नाही, पण हातात मोबाईल आहे. मान त्यांचीही खालीच.

एक सकाळ

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तोडीचे दिवस होते. आमच्या मंडळींची मान आणि उजवा खांदा चार-पाच महिन्यांपासून दुखतच होता. त्यात एके दिवशी सकाळी उठल्या तर मान उजवीकडे वळेचना.

"मान धरली जी. रात्री उशी बराबर पडली नाही वाटते," त्या म्हणाल्या.

त्याच सुमारास आमचे थोरले भाऊ वेगळीच तक्रार करीत होते. त्यांची मान फार दुखत नव्हती. पण दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या यायच्या. चहाची कपबशी हातातून निसटायची. सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागायचा. चालताना पायातली चप्पल कधी मागे राहिली हे त्यांना कळत नसे. कोणी म्हणाले गॅस आहे, कोणी म्हणाले अशक्तपणा आहे. बाजारात एकाने त्यांचे डोके दोन्ही हातांत धरून कडाकडा मान मोडून दिली. त्या दिवशी बरे वाटले, पण आठ दिवसांनी मुंग्या वाढल्या.

गोंदियात ॲक्युपंक्चर करणारे एक डॉक्टर आहेत असे कळले. सुया टोचून दुखणे घालवतात म्हणे. मी दोघांनाही घेऊन गेलो. एकाच फेरीत दोन कामे, असा आपला शेतकरी हिशेब.

डॉक्टरांनी दोघांनाही बराच वेळ तपासले. मंडळींना त्यांनी सुया लावल्या. भाऊंना लावल्या नाहीत.

त्यांनी भाऊंना सांगितले, "काकाजी, मूठ उघडा-मिटा. होईल तितकी भराभर." आणि घड्याळ धरले. धडधाकट माणूस दहा सेकंदांत वीस वेळा तरी मूठ उघडतो-मिटतो. भाऊंची दहा-अकरा वेळाही नीट झाली नाही. मग फरशीच्या रेषेवर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून चालायला सांगितले. भाऊ दोन पावलांत झोकांडले.

"तुमच्या मानेला मी सुई लावणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"काहून जी? पैसे तर देऊन रायलो ना," भाऊ चिडले.

"पैशाचा प्रश्न नाही. दुखणे स्नायूत असते तर लावली असती. तुमच्या मानेतली मज्जारज्जू दबत असल्याचा संशय आहे. आज सुई लावली तर तुम्हाला बरे वाटेल, आणि बरे वाटले म्हणून तुम्ही आणखी सहा महिने घरी बसाल. ते सहा महिने महाग पडतील. उद्याच मोठ्या दवाखान्यात जा."

परतताना भाऊ वाटभर बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी गेले. एम. आर. आय. झाला आणि संशय खरा निघाला. मानेच्या मणक्यांमधून जाणारी मज्जारज्जू दोन ठिकाणी दबली होती. नागपूरला शस्त्रक्रिया करावी लागली. आज भाऊ शेतात फिरतात, बैलांना चारा घालतात. बोटांच्या मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी आधीच सांगितले होते की गेलेले सगळे परत येईलच असे नाही. पुढचे जाणारे थांबवता येते.

ही विद्या आली कोठून?

ही विद्या मूळची चीनची. तिचे वर्णन असलेले चिनी ग्रंथ दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. ती भारतात रुजली त्या कथेत आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे.

१९३७ साली जपानने चीनवर मोठी चढाई केली. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठवले. त्यात अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी होते. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच त्यांचे निधन झाले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, तो आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

कोटणीस स्वतः शल्यचिकित्सक होते; सुयांची विद्या त्यांनी आणली नाही. ती आणली त्यांचे सोबती डॉ. विजयकुमार बसू यांनी. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले. तेथे स्वतःच्या दुखण्यावर हा उपचार घेऊन त्यांना गुण आला, तेव्हा त्यांनी तो शिकून घेतला आणि १९५९ पासून कलकत्त्यात सुरू केला. पुढे कोटणीसांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांनी हा उपचार देशभर नेला.

आता त्याला कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्राने या उपचारपद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला, आणि केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा ही काही बाजारातली जादू नव्हे. पण हा सर्व रोगांवरचा रामबाणही नव्हे, हे लगेच सांगितले पाहिजे.

सुई लावतात म्हणजे काय करतात?

आमच्या मंडळींना आधी धास्ती होती. "इंजेक्शनसारखी सुई मानेत खुपसतील का काय?" असे त्यांचे म्हणणे. प्रत्यक्षात ही सुई केसासारखी बारीक असते. जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. ती पोकळ नसते, तिच्यातून औषध जात नाही. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते. त्यानंतर त्या जागी एक जडपणा, बोथट ठणका जाणवतो. चिनी वैद्य त्या जाणिवेला फार महत्त्व देतात. सुया वीस ते तीस मिनिटे ठेवून काढून घेतात.

मानदुखीसाठी काही जागा मानेवरच्या असतात. कवटीच्या मागच्या कडेखाली, मणक्याच्या दोन्ही बाजूंना जे खळगे लागतात, ती एक जागा. खांद्याच्या माथ्यावरची दुसरी. काही जागा मात्र मानेपासून दूर, हातावर असतात. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात एक, करंगळीच्या बाजूला तळव्याच्या कडेवर एक. हाताच्या पाठीवर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडांमध्ये आणखी एक जागा आहे. तेथे सुई ठेवून रोग्याला मान हळूहळू वळवायला सांगतात. या जागेचे चिनी नाव लुओ-झेन. अक्षरशः अर्थ, उशीवरून पडणे! सकाळी उठल्यावर मान धरते त्या दुखण्याला चिनी माणूस याच नावाने ओळखतो. मुर्रीची बाई म्हणते उशी बराबर पडली नाही आणि चीनचा माणूस म्हणतो उशीवरून पडलो. दुखणे एकच, बोलणेही जवळजवळ एकच.

आता हे कसे घडते? जुने चिनी शास्त्र सांगते की शरीरात 'ची' नावाची शक्ती ठराविक वाटांनी वाहते, आणि ती अडली की दुखते. त्या वाटा शरीर उघडून पाहता अजून तरी सापडलेल्या नाहीत. आजचे शास्त्रज्ञ वेगळे सांगतात. सुईमुळे मज्जातंतू चेतवले जातात, आणि मेंदू व मज्जारज्जू शरीराची स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडतात. त्या द्रव्यांना एंडॉर्फिन म्हणतात.

खरेच गुण येतो का?

शेतकरी माणूस नवीन वाण घेताना शेजारच्या शेतातले उत्पन्न पाहतो. येथेही तसेच पाहू.

इंग्लंडात यॉर्क येथील संशोधकांनी जुनी मानदुखी असलेल्या ५१७ लोकांचे तीन गट केले. पहिल्या गटाला नेहमीच्या उपचाराबरोबर ॲक्युपंक्चरच्या बारापर्यंत बैठका दिल्या. दुसऱ्याला नेहमीच्या उपचाराबरोबर अलेक्झांडर पद्धतीचे धडे दिले, म्हणजे उठणे, बसणे, वाकणे, मान धरणे यांची शिकवणी. तिसऱ्याला फक्त नेहमीचा उपचार. निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. एका वर्षानंतर सुईवाल्यांचे दुखणे तिसऱ्या गटापेक्षा कमी होते. फरक फार मोठा नव्हता, पण खरा होता. आणि दुसऱ्या गटाला, ज्यांनी केवळ अंगाची ठेवण सुधारली त्यांनाही, जवळजवळ तेवढाच फायदा झाला होता! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

दुसरा पुरावा २०१८ सालचा. मान, पाठ, खांदा, गुडघा, डोके यांच्या जुन्या दुखण्यावरच्या ३९ चाचण्यांतील २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. सुई न लावलेल्यांपेक्षा सुई लावलेल्यांना बराच आराम पडला. पण काही चाचण्यांत रोग्याला न सांगता खोटी सुई किंवा भलत्या जागी सुई लावली होती. खऱ्या सुईचा गुण या खोट्या सुईपेक्षा जास्त होता, मात्र तो फरक लहान होता. याचा अर्थ, आरामाचा काही भाग सुईचा, आणि काही भाग शांत पडून राहण्याचा, डॉक्टरांनी विचारपूस करण्याचा आणि विश्वासाचा. समाधानाची बाब ही की मिळालेल्या आरामाचा बराचसा भाग वर्षभर टिकलेला दिसला.

आमच्या मंडळींचा अनुभव याच मापाचा. आठवड्यातून दोनदा, अशा दहा बैठका झाल्या. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून मान वळू लागली. शेवटी सोळा आण्यांतले दहा आणे दुखणे गेले. उरलेल्या सहा आण्यांचे काय, म्हणून विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ते तुमच्या डोक्यावरच्या भाऱ्यात आहेत, बाई. सुई भारा उचलत नाही."

जाण्यापूर्वी काय पाहावे?

एक. उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारा. विचारायला लाजू नका. खताच्या पोत्यावरचा शिक्का आपण वाचतोच ना?

दोन. सुई नवी, सीलबंद पाकिटातली, आपल्यासमोर फोडलेली असावी आणि वापरून फेकून देण्याची असावी. एकाची सुई दुसऱ्याला लावली तर काविळीचा आणि एड्सचा धोका असतो. "उकळून घेतली आहे" हे उत्तर मान्य करू नका.

तीन. उपाशीपोटी जाऊ नका, भोवळ येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, बाई गरोदर असेल किंवा हृदयात पेसमेकर बसवलेला असेल, तर आधी सांगा. खांद्याच्या माथ्यावर आणि छातीजवळ अडाण्याने सुई खोल घातली तर ती फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. असे क्वचित होते, पण म्हणूनच शिकलेला हात हवा.

चार. पाच-सहा बैठकांत काडीचाही फरक पडला नाही तर पुन्हा तपासणी करून घ्या. 'आणखी वीस बैठका घ्या' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

सुईकडे नव्हे, दवाखान्यात

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर सुई नको, मालीश नको, आणि मान मोडून घेणे तर मुळीच नको. सरळ मोठा दवाखाना गाठा. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयच आहे.

— हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा वाढत जाणे, हातातून वस्तू पडणे, गुंडी न लागणे, चालताना झोक जाणे, चप्पल निसटणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे.

— बंडीवरून, झाडावरून किंवा मोटारसायकलवरून पडल्यावर मान दुखणे.

— ताप, डोकेदुखी आणि मान ताठ होणे. हा मेंदूज्वर असू शकतो. यात तासही मोलाचा असतो.

— रात्री जास्त ठणका, बारीक ताप, वजन घटणे. मणक्याचा क्षय असाच सुरू होतो.

— मान, जबडा, डावा हात दुखणे आणि सोबत घाम किंवा छातीत दाब. हे दुखणे हृदयाचे असू शकते.

भाऊंच्या बाबतीत यातली चार लक्षणे वर्षभर डोळ्यांसमोर होती. आम्ही त्यांना अशक्तपणा म्हणत राहिलो.

सहा आण्यांचा इलाज

माणसाचे डोके साधारण पाच किलोचे. ते सरळ असले की मानेवर तेवढाच भार. पण मान पुढे झुकली की भार वाढत जातो. एका अमेरिकी शल्यचिकित्सकाने २०१४ साली गणित मांडले. त्यानुसार मान साठ अंशांत खाली वाकली तर मणक्यांवर सुमारे २७ किलोइतका जोर येतो. म्हणजे बिड्या वळणारी बाई बसल्या जागी अर्ध्याहून जास्त कट्टा मानेवर घेऊन बसलेली असते! यॉर्कच्या दुसऱ्या गटाला नुसत्या शिकवणीने गुण का आला, ते येथे कळते.

तेव्हा सूप मांडीवर न ठेवता चौरंगावर ठेवा, म्हणजे मान कमी वाकेल. अर्ध्या तासाने उठा, खांदे कानांपर्यंत उचला आणि सोडा, हनुवटी आत ओढून पाच अंक मोजा, असे दहा वेळा करा. कट्टा दोघांनी उचला. डोक्यावर घ्यायचाच तर चुंबळ हवी आणि मान सरळ हवी. ट्रॅक्टर मागे घेताना नुसती मान वळवू नका, कमरेतून वळा. फार उंच उशी नको. मान धरली तर गरम पाण्याचा शेक द्या आणि हळूहळू हालचाल चालू ठेवा. आठवडाभर मान बांधून पडून राहिल्याने ती अधिक ताठते.

आणखी एक विनंती तोडीबद्दल. आपल्या फडात येणारे तोडकरी हंगामभर डोक्यावर मोळ्या वाहतात, फळीवरून गाडीत चढवतात. त्यांची मान आपल्याच उसासाठी झिजते. मोळी थोडी लहान बांधू द्या. दोन खेपा वाढतील, पण बिघडत काही नाही. फळी रुंद आणि पक्की ठेवा. हंगाम सुरू होताना टोळीतल्या प्रत्येकाला मूठ उघडायला-मिटायला सांगा आणि दहा सेकंद मोजा. याला खर्च काही नाही. घड्याळ तर सर्वांच्या हातात, नाही तर मोबाईलमध्ये आहेच.

आमच्या घरातल्या दोन माना एकाच दिवशी एकाच दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या. एकीला सुईने आराम दिला. दुसरीला सुई न लावणाऱ्या डॉक्टराने वाचवले. भाऊ आता म्हणतात, "त्या दिवशी मले सुई टोचली असती ना, तर आज मी खाटेवर असतो."

तेव्हा मान दुखली तर सुईचा उपचार अवश्य करून पाहा. पण त्याआधी आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या सर्वांची मूठ मोजा. म्हाताऱ्यांची आधी.